काळा स्टिकर कुणाला लावायचा?

आमच्या हॉस्टेलच्या वाचनकट्ट्यावर गेल्या महिन्यात चार खोकी भरून पुस्तकं आली. एका निवृत्त प्राध्यापकांनी घर बदलताना दिलेली. मराठी-इंग्रजी मिळून दोनशेच्या आसपास, आणि त्यातली निम्मी तरी भुतं, परग्रहवासी, राक्षस, यंत्रमानव यांची. कट्ट्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. ‘तू तशीही दिवसभर नावंच देत असतेस ना?’ हा रूममेटचा युक्तिवाद, आणि तो खरा असल्यामुळे मला काही बोलता आलं नाही. स्टिकर तीन रंगांचे: निळा विज्ञानकथा, हिरवा अद्भुत म्हणजे फँटसी, काळा भयकथा. रविवारच्या दुपारी चहा घेऊन बसले, दोन तासांत काम संपेल अशा हिशोबाने.

नव्वद टक्के पुस्तकं खरंच पटापट झाली. उरलेली अठरा-वीस अजून माझ्या टेबलावर आहेत, आणि हा लेख त्यांच्यामुळे लिहायला घेतलाय.

स्टिकरचा एवढा काय बाऊ, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं असतं. पण आमचा कट्टा नुसता आमचा नाही. दर दुसऱ्या शनिवारी यातलं एक खोकं जवळच्या शाळेत आठवी-नववीच्या मुलांसाठी जातं. शाळेची अट एकच: काळा स्टिकर खोक्यात नको. म्हणजे मी काळा लावला, की ते पुस्तक त्या मुलांपर्यंत पोचणार नाही. विषय संपला.

ही अट मला चांगली ओळखीची आहे. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात काउंटरमागे एक काचेचं कपाट होतं आणि त्याला कुलूप असायचं. वर चिठ्ठी: ‘भयकथा. मोठ्या सभासदांसाठी.’ आत बहुतेक सगळे नारायण धारप. आता धारपांनी भयकथा लिहिल्या हे जगजाहीर आहे, पण त्यांनी विज्ञानकथाही लिहिल्या. ग्रंथपालांनी तेवढा भेद केला नव्हता. लेखक धारप, म्हणजे कपाट. त्यामुळे सातवी ते दहावी मी जयंत नारळीकरांची पुस्तकं दोन-दोनदा वाचली, आणि मराठीत विज्ञानकथा लिहिणारे म्हणजे नारळीकर आणि आणखी दोन-चार नावं, असा माझा ठाम समज झाला. तो उतरला पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी, पुण्यातल्या फुटपाथवर धारपांचं एक जुनं पुस्तक तीस रुपयांना मिळालं तेव्हा. त्या ग्रंथपालांवर माझा राग नाही, भला माणूस होता. पण दहा-बारा वर्षं एक अख्खा लेखक माझ्यापासून लांब राहिला तो एका चिठ्ठीमुळे, हे मी विसरत नाही.

आता थोडं माझ्या कामाबद्दल, कारण पुढचा सगळा विचार तिथूनच आलाय. मी सह्याद्रीतल्या दगडफुलांवर काम करते. हो, तेच, गोड्या मसाल्यातलं. शास्त्रीय मराठीत ‘शैवाक’. दगडफूल ही एक वनस्पती नाही. खरं तर ती वनस्पतीच नाही. बुरशी आणि शैवाल यांनी एकत्र येऊन थाटलेला तो संसार आहे. बुरशी घर बांधते, शैवाल उन्हात स्वयंपाक करतं. सायमन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६०च्या दशकात हे मांडलं, तेव्हा दगडफुलांचे जाणकारच त्याच्यावर उखडले. आयुष्यभर ज्याला एक जीव समजून नावं दिली, ते दोन निघाले तर नावांचं काय करायचं?

यावर वर्गीकरणशास्त्राने काढलेला तोडगा मला फार आवडतो. नाव द्यायच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दगडफुलाला दिलेलं नाव हे त्यातल्या बुरशीचं नाव मानलं जातं. शैवालाला त्याचं वेगळं नाव असतं. म्हणजे मिश्रण मान्य, पण नाव कुणाचं, तर ज्याने घर बांधलं त्याचं.

टेबलावरची पुस्तकं बघताना पहिला विचार हाच आला. प्रत्येक मिश्र पुस्तकात घर कुणी बांधलंय ते शोधायचं आणि त्याचा स्टिकर लावायचा. सोपं. पण चार पुस्तकांतच हा नियम लंगडायला लागला. का, ते सांगते.

दगडफुलांची आणखी एक वाटणी असते, आकाराची. दगडाला चिकटलेली खपली, पानासारखी पसरलेली आणि झुडपासारखी उभी किंवा लोंबती. जंगलात गेल्यावर आधी हीच दिसते. पण ही वाटणी आणि जातीचं नाव हे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. ‘हे पानासारखं आहे की अमुक जातीचं?’ असं कुणी विचारत नाही, कारण ते दोन्ही असू शकतं. आमचे तीन स्टिकर नेमके हीच चूक करतात. ते तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच रांगेत उभी करतात आणि म्हणतात, यातलं एक निवडा.

आपल्याकडे हे समजावून घ्यायला नाट्यशास्त्र पुरतं. भरताच्या आठ रसांत भयानक आहे, अद्भुत आहे, बीभत्स आहे. हे तिन्ही बघणाऱ्याच्या मनात काय होतं त्यावरून ठरलेले: भय, विस्मय, जुगुप्सा. विज्ञान नावाचा रस नाही. असणारही नाही, कारण विज्ञान ही गोष्ट उभी करायची एक रीत आहे, मनात उठणारा भाव नाही. म्हणून ‘ही विज्ञानकथा आहे की भयकथा?’ हा प्रश्न ‘ही भाजी तिखट आहे की कुकरमध्ये केलेली?’ अशा जातीचा आहे.

नोएल कॅरल या अमेरिकी तत्त्वज्ञाचं ‘द फिलॉसफी ऑफ हॉरर’ नावाचं पुस्तक १९९०मध्ये आलं. त्याचंही म्हणणं जवळपास हेच. भयकथेला तिचं नाव, ती जी भावना जागी करू पाहते तिच्यावरून मिळतं. आणि ती भावना नुसती भीती नसते, भीती अधिक किळस असते. वाघाची भीती वाटते, पण वाघ म्हणजे भयकथा नव्हे. जे दोन खणांच्या मधे पडतं ते भयकथेतलं: जिवंत आणि मेलेलं एकदम, माणूस आणि कीटक एकदम. म्हणजे भयानक आणि बीभत्स यांचं मिश्रण! कॅरल ग्रीकांपासून सुरुवात करतो. त्याला भरताचा पत्ता कुणी दिला असता तर त्याचं काम हलकं झालं असतं, असं मला उगाच वाटतं. (गंमत बघा, दोन खणांच्या मधे पडणं या कसोटीवर माझी दगडफुलंही राक्षसच ठरतात. आमटीतले राक्षस.)

दुसरीकडे डार्को सुविन. हा मूळचा झाग्रेबचा, पुढे कॅनडात शिकवायचा. १९७९च्या ‘मेटॅमॉर्फसेस ऑफ सायन्स फिक्शन’ या पुस्तकात त्याने विज्ञानकथेची जी व्याख्या केली, ती अजून सगळ्यांच्या डोक्यावर बसलेली आहे. त्याच्या मते विज्ञानकथेत दोन गोष्टी हव्यात: आपलं ओळखीचं जग परकं वाटायला लावणारी एक नवी गोष्ट, आणि त्या नव्या गोष्टीचा बुद्धीला पटेल असा तपास. नवी गोष्ट आहे पण तपास नाही, तर ती फँटसी, आणि फँटसीवर सुविनची मुळीच मर्जी नव्हती. व्याख्या धारदार आहे. पण तिचा प्रश्न रीतीचा आहे, रसाचा नाही. ती कॅरलच्या उत्तराला छेद देत नाही, त्याच्या शेजारून जाते.

थोडक्यात, काळा स्टिकर इतर दोघांबरोबर लागू शकतो, लागायलाच हवा. खरी ओढाताण निळ्या आणि हिरव्यात.

आता पुस्तकं. सिद्धांत पुरे.

दगडफूल ओळखताना आम्ही त्यावर रसायनाचा थेंब टाकतो. पोटॅशियम हायड्रॉक्साईडचा थेंब पडला की काही जाती पिवळ्या होतात, काही पिवळ्या होऊन मग लाल, काही ढिम्म. तसा एक थेंब मी गोष्टींसाठी ठरवला: गोष्टीत स्पष्टीकरण आलं की भीती कुठे जाते?

एच. पी. लव्हक्राफ्टची ‘द कलर आउट ऑफ स्पेस’ घ्या. १९२७मध्ये ती ‘अमेझिंग स्टोरीज’मध्ये छापून आली, म्हणजे ह्यूगो गर्न्सबॅकच्या, निव्वळ विज्ञानकथांसाठी काढलेल्या मासिकात. एका शेतात उल्का पडते. जवळच्या विद्यापीठातले प्राध्यापक येतात, तुकडा नेतात आणि एखाद्या शहाण्या प्रयोगशाळेत व्हाव्यात त्या सगळ्या चाचण्या करतात. तापवून बघतात, आम्लांत टाकतात, वर्णपट घेतात. तुकडा गार होत नाही. वर्णपटात ओळखीच्या कुठल्याच रंगांचे पट्टे नाहीत. ठेवलेल्या काचपात्रातल्या सिलिकॉनशी त्याची काहीतरी क्रिया होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पात्रही नाही, तुकडाही नाही. मग प्राध्यापक हात झटकून जातात आणि शेतकऱ्याचं कुटुंब तिथेच राहतं. झाडं, गुरं, माणसं हळूहळू करडी होऊन भुगा होत जातात.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला यातली भीती कुठली ते लगेच कळतं. चाचण्या चुकलेल्या नाहीत. चाचण्या नीट झाल्या, निकाल आले, आणि त्या निकालांना अर्थ नाही. इथे विज्ञान भीतीचं औषध नाही, ते भीतीचं मोजमाप आहे. चाचण्यांचं पान काढून टाका, उरेल नुसती शापित शेताची गोष्ट. ती आपल्या प्रत्येक गावात एक आहे. म्हणून ही निळी, आणि काळीही. दोन्ही एकाच वाक्यात.

रिचर्ड मॅथसनच्या ‘आय अ‍ॅम लेजंड’ (१९५४) वर थेंब वेगळा रंग देतो. जगातली सगळी माणसं रक्तपिपासू झालीत, एकटा रॉबर्ट नेव्हिल उरलाय. दिवसा तो त्यांना शोधून मारतो, रात्री ते त्याच्या घराबाहेर येऊन हाका मारतात. इथवर काळा. मग नेव्हिल वाचनालयातून पुस्तकं आणतो, सूक्ष्मदर्शक मिळवतो, रक्त तपासतो आणि त्याला जिवाणू सापडतो. लसूण का चालते, सुळा का लागतो, क्रूसाला काहीच जण का घाबरतात, एकेका अंधश्रद्धेचा तो हिशोब लावत जातो. क्रूसाचं उत्तर तर झकास आहे: तो परिणाम रोगाचा नाही, मनाचा. जो हयातीत ख्रिस्ती होता तो क्रूसाला घाबरतो, शेजारचा ज्यू घाबरत नाही.

सुविनच्या कसोटीला ही कादंबरी पैकीच्या पैकी मार्क मिळवते. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. सगळं कळल्यावर भीती संपत नाही, ती जागा बदलते. रोगासह जगायला शिकलेल्यांचा नवा समाज उभा राहिलाय, आणि त्यांच्या लेखी, दिवसा येऊन झोपलेल्यांना मारून जाणारा नेव्हिल हाच राक्षस आहे. हे जिवाणूच्या स्पष्टीकरणाशिवाय शक्य नव्हतं. भुतांचा समाज होत नाही, रुग्णांचा होतो. या पुस्तकावर निघालेल्या चित्रपटांनी हा शेवट किती पातळ केला त्यावर वेगळा लेख होईल, तो राहू दे.

उलट आपल्याकडची धारपांची ‘लुचाई’. स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर आधारलेली. इथेही रक्तपिपासू, इथेही गाव, पण कुणी सूक्ष्मदर्शक काढत नाही. काढला असता तर गोष्ट फुसकी झाली असती, कारण तिचा जीव गाव आतून किडत जाण्यात आहे आणि त्या किडण्याचं कारण दुष्टावा आहे, जिवाणू नाही. विषय तोच असून दोन पुस्तकांचं घर वेगळं. लेखकाचं नाव बघून किंवा मुखपृष्ठावरचे सुळे बघून स्टिकर लावायचा नसतो, तो यासाठी.

आणि आता ते पुस्तक, ज्याच्यापुढे माझा थेंब उताणा पडला. अमिताव घोष यांची ‘द कलकत्ता क्रोमोसोम’, १९९५ची. १९९७मध्ये तिला ब्रिटनमधला, विज्ञानकथेसाठीच असलेला आर्थर सी. क्लार्क पुरस्कार मिळाला. त्यामुळे निळा स्टिकर आयताच होता. माझी रूममेट मात्र ती वाचून म्हणाली, ‘ही भुताची गोष्ट आहे गं, मी रात्री दिवा चालू ठेवून झोपले.’

खरा इतिहास आधी. रोनाल्ड रॉसने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादमध्ये डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला. हुसेन खान नावाचा एक रुग्ण डासांकडून स्वतःला चावून घ्यायचा आणि दर डासामागे त्याला एक आणा मिळायचा. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या मलेरियावर काम करून रॉसने डासांमार्फत रोग कसा पसरतो ते दाखवलं. १९०२मध्ये नोबेल. आमच्या पाठ्यपुस्तकात ही गोष्ट एका चौकटीत होती. हुसेन खान त्या चौकटीत नव्हता.

घोष यांची कादंबरी त्या चौकटीच्या बाहेरून सुरू होते. नजीकच्या भविष्यातल्या न्यूयॉर्कमध्ये अंतर नावाचा एक इजिप्शियन कर्मचारी घरी बसून संगणकावर कंटाळवाणं काम करत असतो, आणि १९९५मध्ये कलकत्त्यात नाहीशा झालेल्या मुरुगन नावाच्या सहकाऱ्याचं ओळखपत्र त्याच्यासमोर येतं. मुरुगनला रॉसच्या संशोधनाचं वेड होतं. त्याचं म्हणणं: रॉसने शोध लावला नाही, त्याला तो लावू दिला गेला. प्रयोगशाळेत झाडलोट करणारी मंगला आणि तिचा साथीदार लछमन यांना परजीवीबद्दल रॉसच्या आधीपासून कितीतरी जास्त कळलेलं होतं. पण त्यांना तो परजीवी नको होता. मलेरियाचा ताप देऊन उपदंशाच्या मेंदूत पोचलेल्या रुग्णांवर उपचार करताना मंगलाला दुसरंच काही सापडलं होतं: एका माणसाचं व्यक्तिमत्त्व दुसऱ्यात नेता येतं. (तापाचा उपचार कल्पित नाही. व्हिएन्नात वॅग्नर-यॉरेगने हीच पद्धत वापरली आणि १९२७चं नोबेल मिळवलं.)

जीवशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून सांगते, यातलं गुणसूत्राचं प्रकरण टिकत नाही. फक्त मेंदूत असणारं, वारशाने न जाणारं, तरी परजीवीतून दुसऱ्याकडे पोचणारं गुणसूत्र, याला ‘गुणसूत्र’ म्हणायचं तरी कशाला? मलेरियाचा परजीवी आपल्या प्रथिनांचा मुखवटा बदलत राहतो हे खरं आहे आणि घोष त्याचा हुशारीने आधार घेतात, पण त्यापुढची उडी मोठी आहे. शिवाय मुरुगन जे सांगतो ते पानंच्या पानं बोलून सांगतो. पुरावा कमी, बडबड जास्त. शेवटच्या प्रकरणांत तर पात्रं एकमेकांत अशी मिसळतात की, कोण कुणाचा पुनर्जन्म याचा मला कागदावर तक्ता करावा लागला. कादंबरीत हे दोष आहेतच.

पण मधे रेणुपूरचं प्रकरण येतं. फुलबोनी नावाचा तरुण १९३३मध्ये एका आडगावच्या स्टेशनवर एकटा रात्र काढतो. आपोआप हलणारा लाल कंदील, आणि जिथे गाडी येतच नाही अशा रुळांवर गाडीची धडधड. इथे काहीही समजावून सांगितलेलं नाही. इथे मी थेंब टाकला आणि रंगच आला नाही. स्पष्टीकरण आलंच नाही तर भीती कुठे गेली ते बघणार कसं?

त्स्वेतान तोदोरोव्हने १९७०मध्ये अशाच गोष्टींबद्दल लिहिलं होतं. हे खरंच भूत की मनाचा खेळ, या दोहोंत वाचकाची कुचंबणा होते तेवढा वेळच गोष्ट ‘फँटॅस्टिक’ असते, निकाल लागला की ती एका बाजूला पडते. रेणुपूरचा निकाल लागत नाही. म्हणून दोन दिवस हिरवा स्टिकर त्या पुस्तकाशेजारी पडून होता.

मग लक्षात आलं की निकाल न लागणं हाच या कादंबरीतला सिद्धांत आहे. मंगलाच्या गटाची श्रद्धा अशी की, एखादी गोष्ट जाणली की ती बदलते. म्हणून ते बोलत नाहीत, लिहीत नाहीत, शोधनिबंध छापत नाहीत. आपल्याला हवा तो बदल घडवायचा असेल तेव्हा एखाद्या रॉसला हवं तेवढंच कळू देतात. आता रेणुपूर पुन्हा वाचा. तिथे स्पष्टीकरण लेखकाला जमलं नाही म्हणून गाळलेलं नाही. त्या जगाच्या नियमानुसार ते दिलं की गोष्ट मोडणार आहे. भुताटकी ही इथे गृहीतकाची अट आहे. सुविनला हे पटलं नसतं. त्याला तपास बुद्धीच्या उजेडात हवा होता, आणि इथे उजेडालाच हरकत घेतलेली आहे. पण ती हरकत मांडणारी व्यक्ती कोण आहे बघा: जिचं नाव कुठल्याही शोधनिबंधावर आलं नसतं ती. १८९०च्या दशकात कलकत्त्यातल्या गोऱ्या साहेबाच्या प्रयोगशाळेत झाडू मारणाऱ्या बाईला ज्ञान असेल, तर ते कुठल्या भाषेत नोंदलं गेलं असतं? भुताच्याच. मी पीएचडी करते, प्रयोगशाळेत कुणाचं नाव निबंधावर जातं आणि कुणाचं आभारातही येत नाही, हे रोज बघते. विज्ञान कसं घडतं याबद्दल इतका मुळातला प्रश्न विचारणारं पुस्तक विज्ञानकथा नसेल, तर मग अंतराळयानाचं चित्र असलेली अर्धी निळी पुस्तकं मला खाली काढावी लागतील.

म्हणून ‘कलकत्ता क्रोमोसोम’: निळा, त्यावर छोटा काळा. हिरवा नाही. रूममेटशी यावर अजून वाद चालू आहे.

परीक्षकांचंही याबाबतीत एकमत नसतंच. जीन वुल्फच्या ‘द बुक ऑफ द न्यू सन’ या मालिकेच्या पहिल्या भागाला वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला आणि लगेच दुसऱ्या भागाला अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेचा नेब्युला. तलवार तीच, नायक तोच. ब्रायन अ‍ॅटबरीने १९९२मध्ये यातून वाट काढली: या प्रकारांना कुंपण नसतं, मध्य असतो. अमुक पुस्तक आत की बाहेर हे विचारू नका, मध्यापासून किती लांब ते विचारा. फँटसीच्या मध्याला त्याने ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ठेवलं. पटतं. पण स्टिकर अर्धा फाडून लावता येत नाही, ही माझी अडचण त्याला नव्हती.

संगणकाला विचारून पाहावं असं वाटत असेल तर तेही झालंय. टेड अंडरवुडने २०१६मध्ये शेकडो कादंबऱ्यांतल्या नुसत्या शब्दांवरून प्रकार ओळखायला संगणकाला शिकवलं. विज्ञानकथा आणि रहस्यकथा दीड शतकाच्या अंतरावरूनही बऱ्यापैकी ओळखू आल्या. गॉथिक, म्हणजे पडके वाडे आणि शापांची परंपरा, मात्र एकसंध सापडली नाही, तिचे तुकडेच हाती आले. हे वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. भीती ही रस आहे, आणि रस शब्दांत मोजता येत नाही. जुन्या वाड्यात जी भीती होती तीच आज एखाद्या लिफ्टमध्ये असते. शब्द सगळे बदललेले असतात.

माझ्या ‘घर कुणी बांधलं’ नियमाला शेवटचा धक्का माझ्याच विषयातून बसला. अमेरिकेत केसांसारखी लोंबणारी दोन दगडफुलं आहेत, एक तपकिरी, एक पिवळं आणि विषारी. दोन्हींतली बुरशी एकच, शैवालही एकच. मग फरक कशाचा? २०१६मध्ये टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, त्यांच्या सालीत एक तिसरा भिडू आहे, यीस्ट. पिवळ्यात तो जास्त. हा तिसरा सगळ्याच दगडफुलांत असतो का आणि नक्की काय करतो यावर पुढे बराच वाद झाला. पण मला त्यातलं एवढंच पुरलं: नाव बुरशीचं, घर बुरशीचं, आणि तरी खायचं की नाही हे नावावरून कळत नाही.

शाळेच्या बाईंना मी हेच सांगायला गेले, अर्थात यीस्ट वगळून. म्हटलं, काळा स्टिकर म्हणजे ‘मुलांना देऊ नका’ असा अर्थ काढू नका. तो फक्त एवढंच सांगतो की हे पुस्तक घाबरवेल. कशाने घाबरवेल, ते वाचून ठरवावं लागतं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘सगळी वाचणार कोण?’

रास्त प्रश्न. त्यामुळे सध्या अशी वाटणी आहे: दोन स्टिकरवाली मराठी पुस्तकं सात. त्यातली चार मी वाचणार, तीन त्या. धारपांचे विज्ञानकथांचे दोन संग्रह मी आधीच निळे करून खोक्यात टाकलेत, त्यांना काळ्याची गरजच नव्हती. ‘लुचाई’ बाईंनी स्वतःकडे मागून घेतलंय. पुढच्या शनिवारी खोकं जाईल तेव्हा ते त्यात असेल की नाही, ते त्यांनी किती रात्री दिवा चालू ठेवला यावर आहे.